मुंबईचा पाऊस आपल्या डेटाबेसमध्ये : वेब एपीआयपासून पोस्टग्रेसपर्यंत डेटा पाइपलाइन कशी उभारावी

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, एकाच दिवशी एवढी तफावत असू शकते, त्यामुळे 'मुंबईत किती पाऊस झाला' या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. ठिकाण आणि तास या दोन्हींसह नोंद असावी लागते. अशी नोंद हवामानाच्या खुल्या वेब एपीआयवरून (म्हणजे एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून इंटरनेटवर माहिती मागता येईल अशा सोयीवरून) दर तासाला आपोआप आणून स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवण्याची व्यवस्था, म्हणजेच डेटा पाइपलाइन, कशी करावी, हे या लेखात पायरीपायरीने सांगितले आहे. पायथनमध्ये लहानसा प्रोग्राम लिहिता येणाऱ्या आणि डेटाबेसमध्ये टेबल तयार करता येणाऱ्या वाचकाला ते जमण्यासारखे आहे.

एपीआयकडे मागणी करायची, आलेले उत्तर तपासून हव्या त्या आकारात आणायचे आणि टेबलात लिहायचे, एवढे काम एका संध्याकाळी होते. खरा कस लागतो तो त्यानंतर. मध्येच वीज जाते, नेट बंद पडते, एपीआय काही काळ उत्तर देत नाही, आणि तीच नोंद दोनदा येते. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच कसोटी डोळ्यांसमोर ठेवावी : ही पाइपलाइन केव्हाही आणि कितीही वेळा पुन्हा चालवली तरी टेबलातील माहिती बिघडता कामा नये. पुढे सुचवलेला जवळजवळ प्रत्येक निर्णय या कसोटीतून आला आहे.

पहिली पायरी : प्रश्न आणि स्रोत ठरवणे

एपीआय शोधण्याआधी आपल्याला कोणता प्रश्न विचारायचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. येथे तो असा आहे : कुलाबा, दादर, सांताक्रूझ आणि मुलुंड या चार ठिकाणी दर तासाला किती पाऊस झाला आणि हवामान खात्याच्या पद्धतीने मोजल्यास रोजची बेरीज किती येते?

यासाठी ओपन-मीटिओ ही सेवा सोयीची आहे. अव्यावसायिक वापरासाठी ती विनामूल्य आहे, तिला 'की' (वापरणाऱ्याची ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) लागत नाही आणि दिवसाला दहा हजारांच्या आत मागण्या असाव्यात एवढी तिची मर्यादा आहे. चार ठिकाणांसाठी तासाला एकेक मागणी केली तरी दिवसाकाठी ९६ मागण्या होतात. तिची माहिती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली मिळते, म्हणून आपले तक्ते किंवा आलेख कोठेही प्रसिद्ध केले तर स्रोताचे नाव द्यावे लागते.

एक गोष्ट मात्र स्वच्छ समजून घ्यावी. हे आकडे पर्जन्यमापकाचे नाहीत, हवामानाच्या संगणकीय प्रारूपांचे आहेत. प्रारूपात पृथ्वीचा पृष्ठभाग काही किलोमीटरच्या चौकटींत विभागलेला असतो आणि मिळणारा आकडा त्या संपूर्ण चौकटीचा असतो. आपण जे अक्षांश-रेखांश पाठवतो त्यांच्याऐवजी उत्तरात त्या चौकटीच्या मध्याचे अक्षांश-रेखांश परत येतात, ते अवश्य पाहावेत. दादर आणि माटुंगा वेगवेगळे मागितले आणि दोन्हींची चौकट एकच निघाली, तर तीच माहिती दोन नावांनी साठवण्यात काहीच अर्थ नाही. दादरजवळच्या हिंदमाता भागात पाणी का भरले याचे उत्तर या आकड्यांतून मिळणार नाही. शहराच्या दक्षिण आणि उत्तर टोकांतील फरक, पावसाचे तास, सलग ओले दिवस अशा प्रश्नांसाठी मात्र ते उपयोगी आहेत. शिवाय पाइपलाइन नीट बांधली असेल, तर उद्या पर्जन्यमापकाचा अधिकृत स्रोत हाती आल्यावर फक्त पहिला टप्पा बदलावा लागेल.

दुसरी पायरी : उत्तर स्वतः वाचून पाहणे

कोडची एकही ओळ लिहिण्याआधी एपीआयचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडावा आणि आलेला जेसन मजकूर (माहिती नावे आणि मूल्ये अशा जोड्यांत मांडण्याची एक पद्धत) वरपासून खालपर्यंत वाचावा. या अर्ध्या तासात पुढचे अनेक तास वाचतात. पत्त्यात अक्षांश आणि रेखांश द्यावेत (कुलाब्यासाठी साधारण १८.९० आणि ७२.८२), तासागणिक पावसाचा घटक मागावा आणि मागील दोन दिवस व पुढचा एक दिवस एवढी मुदत द्यावी.

उत्तरात चार गोष्टी नजरेत भराव्यात. पहिली म्हणजे माहितीची मांडणी : प्रत्येक तासाची स्वतंत्र नोंद येत नाही, वेळांची एक यादी आणि पावसाच्या आकड्यांची दुसरी यादी अशा दोन समांतर याद्या येतात आणि त्यांची जोडी आपल्याला लावावी लागते. जोडी लावण्याआधी दोन्ही याद्यांची लांबी सारखी आहे का, हे प्रोग्रामने तपासावे आणि नसेल तर तिथेच थांबावे, कारण पायथनमधील झिप हे साधन लांब यादीचा उरलेला भाग काहीही न सांगता सोडून देते.

दुसरी गोष्ट वेळेची आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. वेगळे काही सांगितले नाही तर ही सेवा ग्रिनिचची प्रमाणवेळ, म्हणजेच यूटीसी, वापरते, परंतु वेळेच्या मजकुरात तारीख आणि तास-मिनिटे एवढेच असते, कालक्षेत्राची खूण नसते. असा मजकूर जसाच्या तसा पोस्टग्रेसला दिला आणि डेटाबेसचे कालक्षेत्र भारतीय ठेवलेले असले, तर पोस्टग्रेस त्याला भारतीय वेळ मानते आणि प्रत्येक नोंद साडेपाच तासांनी सरकते. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. आकडे दिसायला ठीक दिसतात, फक्त पहाटेचा पाऊस आदल्या रात्रीचा होऊन बसतो. म्हणून वेळ वाचताक्षणीच पायथनमध्ये तिला यूटीसीचे कालक्षेत्र स्पष्टपणे जोडावे, साठवण कायम यूटीसीमध्ये करावी आणि भारतीय वेळेत रूपांतर फक्त दाखवताना करावे.

तिसरी गोष्ट अशी की, तीन वाजण्याच्या खुणेसमोरचा आकडा दोन ते तीन या सरलेल्या तासाचा असतो, तीन ते चार या तासाचा नसतो. रोजची बेरीज करताना हे लक्षात ठेवावे लागेल.

चौथी गोष्ट रिकाम्या जागांची. एखाद्या तासाची माहिती उपलब्ध नसेल तर तिथे नल (मूल्य नसल्याची खूण) येते. नल म्हणजे शून्य नव्हे. 'पाऊस पडला नाही' आणि 'पाऊस पडला की नाही ते माहीत नाही' या दोन विधानांतला फरक टेबलातही तसाच राहिला पाहिजे, म्हणून सोयीसाठी नलच्या जागी शून्य भरण्याचा मोह टाळावा.

तिसरी पायरी : टेबलांची आखणी

डेटाबेस म्हणून पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) घ्यावा असे मी सुचवतो. एकट्याच्या संगणकावर प्रयोग करायचा असेल तर एसक्यूलाइटही चालेल, पण त्यात वेळेसाठी स्वतंत्र प्रकार नाही आणि वर सांगितलेली कालक्षेत्राची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

तीन टेबले पुरेशी आहेत. पहिल्यात ठिकाणे : क्रमांक, नाव, अक्षांश, रेखांश. दुसऱ्यात एपीआयकडून आलेली कच्ची उत्तरे : कोणत्या ठिकाणासाठी, केव्हा मागितले, कोणता स्थिती-क्रमांक (मागणी यशस्वी झाली की नाही हे सांगणारा सर्व्हरचा आकडा) आला आणि संपूर्ण मजकूर जेसनबी या, जेसन साठवण्याच्या प्रकारच्या कॉलममध्ये. तिसऱ्यात प्रत्यक्ष कामाची माहिती : ठिकाणाचा क्रमांक, तास, पावसाचे मिलिमीटर आणि ही नोंद शेवटची केव्हा आणली ती वेळ. तासाच्या कॉलमचा प्रकार कालक्षेत्रासह असलेला टाइमस्टँप असावा आणि पावसाचा कॉलम न्यूमेरिक (दशांशासह अचूक संख्या) असून त्यात नल चालावे. पाऊस ऋण असू शकत नाही, तेव्हा तशी चेक अटही टाकून ठेवावी. उद्या एपीआयने 'माहिती नाही' सांगण्यासाठी उणे ९९९ पाठवायला सुरुवात केली, तर ही अट ते आकडे दारातच अडवील.

सगळ्यांत महत्त्वाची बाब तिसऱ्या टेबलाच्या प्रायमरी कीची, म्हणजे प्रत्येक नोंद एकमेव ठरवणाऱ्या कॉलमची, आहे. पुष्कळदा आपोआप वाढणारा क्रमांक प्रायमरी की म्हणून दिला जातो. इथे तसे केल्यास तोच तास दहा वेळा आला तर दहा नोंदी होतील आणि पावसाची बेरीज दसपट दिसेल. ठिकाणाचा क्रमांक आणि तास ही जोडीच प्रायमरी की असावी. एका ठिकाणी एका तासाचा पाऊस एकच असतो, हे वास्तव टेबलाच्या रचनेत उतरले की दुहेरी नोंदींचा प्रश्न मुळातून मिटतो.

कच्च्या उत्तरांचे टेबल अनेकांना अनावश्यक वाटते, पण ते वगळू नये असे माझे ठाम मत आहे. उद्या वाचण्याच्या कोडमध्ये दोष आढळला किंवा आज न घेतलेला एखादा घटक हवासा झाला, तर मूळ मजकूर हाताशी असल्यामुळे एपीआयकडे न जाता सगळे पुन्हा तयार करता येते. जागेची अडचण वाटलीच तर सहा महिन्यांपूर्वीची कच्ची उत्तरे काढून टाकावीत.

चौथी पायरी : मागणी करणारा भाग

पायथनमध्ये रिक्वेस्ट्स ही लायब्ररी या कामासाठी सर्रास वापरली जाते. तिला आपणहून टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) नसतो, म्हणजे समोरचा सर्व्हर गप्प बसला तर आपला प्रोग्रामही अनिश्चित काळ वाट पाहत बसतो. म्हणून प्रत्येक मागणीला टाइमआउट द्यावा. या कामाला वीस सेकंद भरपूर झाले.

मागणी अयशस्वी झाल्यावर काय करायचे, हे अपयश कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरवावे. टाइमआउट, जोडणी तुटणे आणि ५०० च्या घरातील स्थिती-क्रमांक ही तात्पुरती अडचण असते. अशा वेळी दोन, चार, आठ सेकंद असा वाढता विराम घेऊन पुन्हा प्रयत्न करावा आणि चार-पाच प्रयत्नांनंतर सोडून द्यावे. विरामात एखाद्या सेकंदाची यादृच्छिक भरही घालावी, म्हणजे एकाच वेळी अडलेले अनेक प्रोग्राम एकाच क्षणी परत येऊन सर्व्हरवर आदळत नाहीत. ४२९ म्हणजे आपण फार वेगाने मागण्या करत आहोत. त्यासोबत किती वेळ थांबावे हे उत्तराच्या हेडरमध्ये (मजकुराआधी येणाऱ्या माहितीत) सांगितले असेल तर तेवढे थांबावे. ४०० आला तर मात्र पुन्हा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण चूक आपल्या मागणीत आहे. ओपन-मीटिओ अशा वेळी कारणही जेसनमध्ये लिहून पाठवते. ते कारण लॉगमध्ये जसेच्या तसे नोंदवावे.

चारही ठिकाणांच्या मागण्या स्वतंत्र ठेवाव्यात. मुलुंडची मागणी फसली म्हणून कुलाब्याची नोंद अडून राहण्याचे कारण नाही.

या एपीआयला की लागत नसली तरी पुढेमागे लागणारे स्रोत भेटतीलच; भारत सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरील एपीआयला ती लागते. अशी की आणि डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये कधीही लिहू नये, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, संगणकाच्या व्यवस्थेत ठेवलेल्या मूल्यातून) घ्यावा. कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड पुढच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पुसला तरी इतिहासात राहतो, त्यामुळे तसे घडल्यास तो बदलणे हाच उपाय.

पाचवी पायरी : टेबलात लिहिणे

उत्तर हाती आले की प्रथम ते कच्च्या टेबलात टाकून कमिट करावे (कायमचे नोंदवावे), मग त्याचे वाचन सुरू करावे. वाचताना काही बिघडले तरी मूळ मजकूर सुरक्षित राहतो.

वाचनात दोन याद्यांची जोडी लावावी, वेळेला यूटीसी जोडावे आणि अजून न सरलेले तास गाळावेत, कारण उत्तरात पुढच्या तासांचा अंदाजही येतो आणि आपल्याला झालेल्या पावसाचा तक्ता हवा आहे. अंदाज साठवायचा असेल तर त्याला वेगळे टेबल द्यावे, ज्यात अंदाज केव्हा वर्तवला ती वेळही प्रायमरी कीचा भाग असेल.

आता प्रत्यक्ष लेखन. साधी इन्सर्ट आज्ञा दिली तर दुसऱ्या फेरीतच प्रायमरी की तक्रार करील. त्याऐवजी इन्सर्टला 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट' हा भाग जोडावा, जो पोस्टग्रेसमध्ये ९.५ या आवृत्तीपासून आहे. नोंद नसेल तर ती नव्याने जाते, असेल तर तिचा आकडा अद्ययावत होतो. इथे एक बारकावा आहे : जुन्या नोंदीत आकडा असताना नव्या उत्तरात नल आले, तर चांगला आकडा पुसला जाईल, म्हणून अपडेटमध्ये कोअलेस (दिलेल्यांपैकी नल नसलेले पहिले मूल्य घेणारे फंक्शन) वापरून 'नवा आकडा असेल तर तो, नाहीतर जुनाच' असे लिहावे. मूल्ये आज्ञेच्या मजकुरात जोडून कधीही पाठवू नयेत. पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या सायकोपीजी लायब्ररीला ती पॅरामीटर म्हणून वेगळी द्यावीत. एका ठिकाणाच्या सर्व नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते किंवा काहीच होत नाही अशा गटात) लिहाव्यात, म्हणजे अर्धवट फेरीचा काहीही अंश मागे उरत नाही.

इथवर आल्यावर प्रोग्राम लागोपाठ दोनदा चालवावा आणि प्रत्येक फेरीनंतर तिसऱ्या टेबलातील नोंदी मोजाव्यात. दोन्ही फेऱ्या एकाच तासात झाल्या असतील तर संख्या तीच राहिली पाहिजे. राहिली नाही, तर प्रायमरी कीपर्यंत मागे जाऊन शोध घ्यावा आणि ती जुळेपर्यंत पुढच्या पायरीकडे वळू नये.

सहावी पायरी : वेळापत्रक आणि पहारा

लिनक्सवर ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारा क्रॉन पुरेसा आहे. दर तासाच्या विसाव्या मिनिटाला प्रोग्राम चालेल अशी एक ओळ त्यात टाकावी. एअरफ्लोसारखी वेळापत्रकाची मोठी साधने उत्तम आहेत, पण चार ठिकाणांच्या एका पाइपलाइनसाठी ती सांभाळण्याचे कामच मूळ कामापेक्षा मोठे होईल. क्रॉनला आपल्या नेहमीच्या टर्मिनलची एन्व्हायरन्मेंट मिळत नाही. म्हणून पायथनचा आणि प्रोग्रामचा पूर्ण मार्ग द्यावा, आणि आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये यासाठी एफलॉक ही कुलूप लावणारी आज्ञा वापरावी.

दर तासाला चालणारा प्रोग्राम प्रत्येक वेळी मागील दोन दिवस का मागतो, हे आता स्पष्ट होईल. मुंबईत घरची वीज किंवा नेट बंद पडण्याची शक्यता ज्या रात्री सर्वाधिक, नेमकी तीच रात्र पावसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची असते. फक्त ताजा तास आणणारी पाइपलाइन अशा रात्रीचे तास कायमचे गमावते. दोन दिवसांची खिडकी ठेवली, तर संगणक पाच तास बंद राहिला तरी सुरू झाल्यावरची पहिलीच फेरी ते पाचही तास भरून काढते, आणि आधी लिहिलेले तास पुन्हा आल्याने काही बिघडत नाही. हा खंड दोन दिवसांहून लांबला, तर ही मुदत ९२ दिवसांपर्यंत वाढवून एक फेरी हाताने चालवता येते.

लॉगमध्ये प्रत्येक फेरीची एक ओळ असावी : ठिकाण, स्थिती-क्रमांक, किती नोंदी आल्या, किती लिहिल्या. परंतु प्रोग्राम सुरूच झाला नाही, तर तो कोणतीही त्रुटी कळवू शकत नाही. त्यासाठी पहारा टेबलावर ठेवावा. कोणत्याही ठिकाणाची सर्वांत ताजी नोंद तीन तासांहून जुनी झाली तर ईमेल पाठवणारी छोटी तपासणी लिहावी, आणि शक्य असेल तर ती दुसऱ्या संगणकावरून चालवावी.

सातवी पायरी : हवामान खात्याच्या दिवसाची बेरीज

हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेचा म्हणून दिला जातो. भारतीय साडेआठ म्हणजे यूटीसीचे बरोबर तीन. आपण तास यूटीसीमध्ये साठवले असल्यामुळे ही सीमा तासाच्या अगदी काठावर येते आणि कोणताही तास अर्धा तोडावा लागत नाही.

आकडा सरलेल्या तासाचा असतो, म्हणून १६ जुलैच्या बेरजेत १५ जुलैच्या यूटीसी चार वाजण्याच्या खुणेपासून १६ जुलैच्या तीन वाजण्याच्या खुणेपर्यंतचे चोवीस आकडे यायला हवेत. क्वेरीत ते असे साधावे : यूटीसी वेळेतून चार तास वजा करावेत, उरलेल्या वेळेची तारीख घ्यावी आणि तीत एक दिवस मिळवावा, मग ठिकाण आणि ही तारीख यांनुसार गट करून बेरीज काढावी. त्याच क्वेरीत नल नसलेल्या तासांची संख्याही मोजावी आणि ती चोवीस नसेल तर त्या दिवसाची बेरीज अपूर्ण म्हणून दाखवावी. वीस तासांची बेरीज पूर्ण दिवसाची म्हणून पुढे गेली, तर वाचणाऱ्याला ती ओळखण्याचा काहीच मार्ग नसतो.

ही बेरीज काही दिवस कुलाबा आणि सांताक्रूझच्या अधिकृत आकड्यांशेजारी ठेवून पाहावी. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत आणि तशी अपेक्षाही नसावी, परंतु कोरडे दिवस कोरडे आणि ओले दिवस ओले दिसले पाहिजेत. मोठा पाऊस सातत्याने एक दिवस मागे किंवा पुढे पडत असेल, तर प्रथम कालक्षेत्र तपासावे.

जुनी माहिती भरणे

मागील वर्षे हवी असतील तर ओपन-मीटिओचा ऐतिहासिक एपीआय वापरता येतो. त्यातील ईआरए-५ या, जुन्या हवामानाची प्रारूपाने केलेली पुनर्रचना असलेल्या संचाची माहिती १९४० पासून आहे. उत्तराचा आकार तोच असल्यामुळे वाचणारा आणि लिहिणारा भाग न बदलता चालतो; फक्त एकेका वर्षाचे तुकडे करून, दोन मागण्यांत काही सेकंद थांबत जावे. ईआरए-५ ची चौकट सुमारे २५ किलोमीटरची आहे, कुलाब्यापासून दहिसरपर्यंतचे शहर तिच्या दोन-तीन घरांत मावते, तेव्हा २६ जुलै २००५ साठी सांताक्रूझच्या पर्जन्यमापकाचा ९४४ हा आकडा तिच्यात शोधू नये. याच कारणासाठी जुनी माहिती भरण्याआधी तिसऱ्या टेबलात स्रोताचा एक कॉलम वाढवावा, तो प्रायमरी कीमध्ये समाविष्ट करावा आणि रोजच्या बेरजेच्या क्वेरीत गट करतानाही घ्यावा, म्हणजे एकाच तासाचे दोन स्रोतांतले आकडे एकमेकांवर लिहिले जाणार नाहीत किंवा एका बेरजेत मिसळणार नाहीत.